वेबसाइट बदलली, विक्री वाढली, श्रेय कोणाचे?

प्रश्न : आमचे येवल्यात पैठणीचे दुकान आहे आणि काही वर्षांपासून आम्ही वेबसाइटवरूनही साड्या विकतो. १ ऑगस्ट २०२५ रोजी वेबसाइट नव्या रूपात सुरू केली. मे ते जुलैच्या तुलनेत ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत वेबसाइटवरची विक्री सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. वेबसाइट करून देणाऱ्यांनी हे आपल्याच कामाचे फळ असल्याचे सांगून पुढच्या वर्षाच्या कराराची रक्कम वाढवून मागितली आहे. माझा मुलगा म्हणतो की यावरून काहीच सिद्ध होत नाही. संख्याशास्त्राच्या आधारे याचा निवाडा घरच्या घरी करता येईल का? (एक वाचक, येवला, जि. नाशिक)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र तेवढ्यावरून वेबसाइट करणाऱ्यांचा दावा खोटा ठरतो असेही नाही. तीस टक्के वाढ झाली यात वाद नाही. वाद आहे तो वेबसाइट जुनीच राहिली असती तर याच तीन महिन्यांत किती विक्री झाली असती, याचा. हा आकडा कोणत्याही खातेवहीत सापडणार नाही, तो अंदाजानेच काढावा लागतो, आणि तो अंदाज कितपत चुकू शकतो हेही सांगावे लागते. संख्याशास्त्राचे काम एवढेच आहे, आणि आपल्या दुकानात त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री आधीच पडून आहे.

प्रथम पंचांग उघडावे. आपण तुलनेसाठी घेतलेल्या मे ते जुलै या काळात लग्नसराईचा शेवट आहे, ६ जुलैची आषाढी एकादशी आणि तिच्याबरोबर सुरू होणारा चातुर्मास आहे, आणि साडीच्या व्यापाराला सर्वांत थंड जाणारा आषाढ जवळजवळ पूर्ण आहे. उलट ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये श्रावणातले सण, गौरी-गणपती, नवरात्र, दसरा आणि दिवाळी इतके सगळे एका रांगेत आले आहे. पैठणीची विक्री या दोन तिमाहींत सारखी राहिली असती तरच आश्चर्य वाटले असते. त्यामुळे तीस टक्क्यांतला मोठा भाग सणांचा असण्याची दाट शक्यता आहे, कदाचित सगळाच.

मग गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी, असे कोणीही सुचवेल. ही सूचना पहिल्यापेक्षा बरी असली तरी आपल्याकडे तिला एक अडचण आहे, ती म्हणजे सण इंग्रजी तारखांना बांधलेले नाहीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले. २०२४ मध्ये ते आपल्याकडे १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला झाले. म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भाऊबीजेनंतरचा शांत आठवडाही मोडतो, तर २०२४ चा ऑक्टोबर ऐन खरेदीच्या गर्दीत संपतो. पितृपक्षाचेही तसेच. २०२४ मध्ये तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात येऊन २ ऑक्टोबरला संपला, तर २०२५ मध्ये २१ सप्टेंबरलाच संपला. तेव्हा महिन्याशी महिना लावण्याऐवजी दिवाळीच्या आधीचा पहिला आठवडा, दुसरा आठवडा, तिसरा आठवडा अशी मोजणी करून आठवड्याशी आठवडा लावावा. पुढल्या वर्षी तुलना करायची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ऐन मे महिन्यातले लग्नाचे मुहूर्त कमी होतील आणि मेची तुलना मेशी करणारा फसेल.

याहून भक्कम आधार मात्र आपल्या दुकानातच आहे. वेबसाइट बदलली तेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर काहीही बदलले नाही; पण सण, लग्नसराई, रेशमाचे भाव आणि लोकांच्या हातातला पैसा यांचा परिणाम दोन्हीकडे होतो. म्हणून गल्ल्यावरच्या विक्रीत जेवढी वाढ झाली तेवढी वेबसाइटवरही एरवी झालीच असती असे धरावे आणि उरलेली वाढ वेबसाइटच्या खात्यावर मांडावी. समजा, वेबसाइटची आठवड्याची सरासरी विक्री २,००,००० रुपयांवरून २,३६,००० वर गेली आणि गल्ल्याची ३,००,००० वरून ३,३६,००० वर. वेबसाइटची वाढ अठरा टक्के, दुकानाची बारा टक्के. १.१८ ला १.१२ ने भागले की १.०५४ येतात, म्हणजे नव्या रूपाच्या नावावर फार तर साडेपाच टक्के लागतात. अठरा आणि साडेपाच यांतल्या अंतरावरच आपल्या कराराची बोलणी व्हायला हवीत.

या पद्धतीला एक अट आहे. बदलाच्या आधी दोन्ही विक्री एकमेकींच्या बरोबरीने चढत-उतरत असल्या पाहिजेत. गेल्या दोन वर्षांची आठवडावार वेबसाइट-विक्री आणि दुकान-विक्री एक्सेलमध्ये शेजारी मांडून पहिलीला दुसरीने भागावे. हे गुणोत्तर बदलाच्या आधीपासूनच हळूहळू वाढत असेल, आणि ऑनलाइन खरेदी वाढत असल्यामुळे ते तसे असणे स्वाभाविक आहे, तर ती चालू वाढही आधी वजा करावी लागेल. शिवाय दुकानाची जुनी गिऱ्हाइके आता घरबसल्या वेबसाइटवरून घेऊ लागली असतील, तर एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले एवढेच झाले. अशा वेळी दोन्हींची बेरीज पाहणे अधिक प्रामाणिक ठरते.

आता मुख्य भाग. साडेपाच टक्के हा आकडा मोठा की किरकोळ? हे ठरवण्याची मला सर्वांत पसंत असलेली रीत अशी की त्यासाठी कोणत्याही सूत्राची गरज पडत नाही. बदलाच्या आधीचे १०४ आठवडे घ्यावेत. त्यांतल्या एखाद्या तारखेला वेबसाइट बदलली होती असे खोटेच धरावे आणि तिच्या आधीच्या बारा व नंतरच्या बारा आठवड्यांची वरच्यासारखीच तुलना करावी. मग तारीख एका आठवड्याने पुढे सरकवून पुन्हा तेच करावे. अशा ८१ खोट्या तारखा मिळतात आणि प्रत्येकीचा एक टक्क्यांचा आकडा मिळतो. या तारखांना प्रत्यक्षात काहीही घडलेले नव्हते, त्यामुळे हे सारे आकडे म्हणजे आपल्या धंद्याची नैसर्गिक उलथापालथ आहे. ८१ पैकी वीस-पंचवीस वेळा काही न करताही साडेपाच टक्क्यांहून मोठी वाढ दिसली असेल, तर ऑगस्टमध्ये काही विशेष घडले असे म्हणता येणार नाही. फक्त दोन-तीन वेळाच दिसली असेल, तर दाव्यात तथ्य आहे. शेजारच्या तारखांचे आठवडे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ८१ हा आकडा दिसतो तितका भारदस्त नाही. चोवीस आठवड्यांचे परस्परांपासून वेगळे असे तुकडे १०४ आठवड्यांत चारच बसतात. तरीही ही परीक्षा दोन सरासऱ्या शेजारी ठेवण्यापेक्षा कितीतरी खरी आहे.

पैठणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विशेष जपावी लागते. एक साडी काही हजारांची, तर दुसरी लाखाच्या पुढची. एखाद्या लग्नघरातून एकाच वेळी पाच-सहा भारी साड्यांची ऑर्डर आली की त्या आठवड्याची विक्री दुप्पट होते, आणि त्या घरातल्या लग्नाचा आपल्या वेबसाइटच्या रंगसंगतीशी काहीही संबंध नसतो. म्हणून विक्री तीन भागांत फोडून पाहावी : वेबसाइटवर किती जण आले, त्यांतल्या शेकडा किती जणांनी खरेदी केली, आणि एका ऑर्डरची सरासरी रक्कम किती. नव्या रूपाचा थेट परिणाम मधल्या आकड्यावर व्हायला हवा. वाढ पहिल्या आकड्यात असेल तर त्याच सुमारास जाहिरातीवर किती खर्च केला ते तपासावे. तिसऱ्यात असेल तर दोन-चार मोठ्या ऑर्डरी बाजूला ठेवून हिशेब पुन्हा करावा आणि वाढ टिकते का ते पाहावे.

ऑर्डरींची संख्या कमी असेल तर आणखी एक साधे गणित मनात ठेवावे. तुरळक आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या घटनांच्या संख्येतला नैसर्गिक चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. तिमाहीला १२० ऑर्डरी येत असतील, तर दोन तिमाहींतल्या फरकाचा चढउतार २४० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १५ ऑर्डरी. आणि त्याच्या दुपटीपर्यंतचा, म्हणजे तीस-एक ऑर्डरींचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. एवढ्या उलाढालीत पंचवीस टक्क्यांच्या आतला परिणाम कोणालाही, कोणत्याही सॉफ्टवेअरने, खात्रीने दाखवता येणार नाही.

शेवटी आकडे कोठून घेता ते पाहावे. वेबसाइट बदलताना भेटी आणि खरेदी मोजणारा कोडही बदलतो, कधी तो दोनदा बसवला जातो, कधी गिऱ्हाइकाने खरेदीनंतर दिसणारे आभाराचे पान पुन्हा उघडले की तीच खरेदी दुसऱ्यांदा मोजली जाते. त्यामुळे विक्रीचा आकडा बिलांवरून आणि बँकेत जमा झालेल्या रकमेवरूनच घ्यावा. कॅश ऑन डिलिव्हरीतल्या परत आलेल्या साड्या वजा कराव्यात, आणि त्या वजा करताना दोन्ही काळांना सारखीच मुदत द्यावी; जुलैचा परतावा येऊन चुकलेला आणि ऑक्टोबरचा अजून वाटेत, अशा स्थितीत नवा काळ विनाकारण गुटगुटीत दिसतो. वेबसाइट बदलताना त्याच दिवशी मोफत घरपोच सेवाही सुरू केली असेल, तर तिचा आणि नव्या रूपाचा परिणाम वेगळा काढण्याचा मार्ग आता उरलेला नाही, हेही करार करताना स्पष्ट बोलावे.

प्रश्न : मी पुण्यात एका डिजिटल कंपनीत नोकरी करतो. एका ग्राहकाच्या वेबसाइटच्या बदलाआधीच्या ९० आणि नंतरच्या ९० दिवसांच्या विक्रीवर मी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी चाचणी) लावली. पी-व्हॅल्यू ०.०३ आली. अहवालात ‘बदल यशस्वी झाल्याची खात्री ९७ टक्के’ असे लिहावे, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. तसे लिहिणे योग्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, आणि त्याला दोन वेगळी कारणे आहेत. पी-व्हॅल्यू ०.०३ याचा अर्थ एवढाच की बदलाचा काहीही परिणाम नसता आणि चाचणीची सारी गृहीतके खरी असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात तीन वेळा दिसला असता. परिणाम असण्याची शक्यता ९७ टक्के आहे असे ती सांगत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये काढलेल्या निवेदनात नेमका हाच गैरसमज खोडला होता. वरिष्ठांसमोर ठेवायला ते उपयोगी पडेल.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. टी-टेस्टचा उगम डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतला. तेथे काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती प्रसिद्ध केली, आणि तिचा पाया असा आहे की प्रत्येक मोजमाप दुसऱ्यापासून स्वतंत्र असावे. विक्रीचे दिवस स्वतंत्र नसतात. सवलत चालू असली की सोमवारही चांगला जातो आणि मंगळवारही; महिनाअखेरीची चणचण सलग आठवडाभर दिसते. लागोपाठच्या दोन दिवसांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५ धरला, तर ९० दिवसांतली माहिती प्रत्यक्षात सुमारे ३० स्वतंत्र दिवसांइतकीच भरते. त्यामुळे प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज कितपत चुकू शकतो याचे माप, तीनच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १.७३ पटीने वाढते, आपले टी-मूल्य (फरक भागिले प्रमाण त्रुटी) सुमारे २.२ असणार ते १.२७ वर येते, आणि पी-व्हॅल्यू ०.०३ ची ०.२ च्या घरात जाते. आकडे तेच आहेत. फक्त खात्री दिसत होती ती निघून गेली.

आपण किमान एवढे करावे : दिवसांऐवजी आठवड्यांच्या बेरजा घ्याव्यात, त्यांचे लॉगरिदम घेऊन प्रतीपगमनाचे (रिग्रेशनचे, म्हणजे विक्रीवर कशाचा किती परिणाम होतो ते एकत्र मांडणारे) एकच समीकरण बसवावे, त्यात काळानुसार चालू असलेली वाढ, सणांचे आठवडे, जाहिरातीचा खर्च आणि बदलानंतरचा काळ अशी चार पदे ठेवावीत, आणि प्रमाण त्रुटी सहसंबंध लक्षात घेणाऱ्या न्यूई-वेस्ट पद्धतीने काढाव्यात. या विचाराचा जुना आणि उत्तम नमुना म्हणजे बॉक्स आणि टियाओ या संख्याशास्त्रज्ञांचा १९७५ चा लेख. लॉस एंजेलिसच्या हवेतल्या ओझोनवर नव्या नियमांचा परिणाम झाला का, हे त्यांनी याच रीतीने तपासले होते. आज गूगलने खुले केलेले ‘कॉझल इम्पॅक्ट’ हे साधन बरेचसे असेच काम करते, परंतु त्याला तुलनेसाठी बदलाचा स्पर्श न झालेली आकड्यांची एखादी मालिका द्यावी लागते. ती चुकीची निवडली तर साधन सुंदर आलेख काढून चुकीचे उत्तर देते.

अहवालात पी-व्हॅल्यूऐवजी परिणामाची कक्षा लिहावी. ‘परिणाम उणे चार ते अधिक अकरा टक्के यांच्या दरम्यान असावा’ अशा धर्तीचे वाक्य ग्राहकाला आवडणार नाही, पण त्यावरून त्याला पैशांचा निर्णय घेता येतो.

प्रश्न : नवी वेबसाइट सुरू केल्यापासून दोन महिने आमची विक्री घसरली आहे. भागीदार जुनी वेबसाइट परत आणा म्हणतात. घाई होते आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घसरणीलाही वरचेच सारे निकष लागू आहेत, तेव्हा आधी ती खरी आहे का ते तपासावे. खरी असेल तर तिचे दोन प्रकार संभवतात आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. या कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे १५ कोटी पौंड खर्चून नवी वेबसाइट आणली. जुन्या ग्राहकांना तेथे पुन्हा नोंदणी करावी लागली. जूनअखेर संपलेल्या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली, आणि नवी वेबसाइट रुळायला वेळ लागेल, असे कंपनीने सांगितले. अशा घसरणीत सवयीचे ग्राहक अडखळतात, नव्याने येणाऱ्यांना मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून आपली विक्री जुने ग्राहक आणि पहिल्यांदाच आलेले ग्राहक अशी विभागून पाहावी. फक्त जुन्यांची घटली असेल आणि दर आठवड्याला ती थोडीथोडी सावरत असेल, तर थांबावे. दोघांचीही सारखीच घटली असेल आणि सावरण्याचे चिन्ह नसेल, तर दोष रचनेत आहे.

दुसरा प्रकार असा की वेबसाइटवर येणाऱ्यांची संख्याच घटलेली असते. पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे नेणारी सोय केली नाही, की गूगलमधून येणारे लोक रिकाम्या पानावर जाऊन परततात. हा दोष एका दुपारी दुरुस्त होतो. त्यासाठी जुनी वेबसाइट परत आणण्याची गरज नाही.

परत आणायचीच ठरली, तर ती मोजणीची संधी समजावी. दोन आठवडे जुनी, दोन आठवडे नवी, असा आलटून-पालटून प्रयोग केला आणि क्रम आधीच चिठ्ठी टाकून ठरवला, तर एकाच तारखेच्या आधी-नंतरपेक्षा फार चांगला पुरावा हाती येतो. ग्राहकांचा थोडा गोंधळ होईल, हे खरे.

प्रश्न : आम्ही अजून वेबसाइट बदललेली नाही. अर्ध्या लोकांना जुनी आणि अर्ध्यांना नवी दाखवून फरक मोजावा म्हणतो. किती दिवस प्रयोग चालवावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा सर्वांत निर्दोष मार्ग आहे, कारण सण, जाहिरात आणि बाजारभाव दोन्ही गटांना सारखेच भेटतात. मुदत मात्र दिवसांत मोजायची नसून माणसांत मोजायची आहे. सध्या शंभरात दोन जण खरेदी करत असतील आणि हे प्रमाण २ वरून २.४ टक्क्यांवर गेले तर ते ओळखता यावे अशी अपेक्षा असेल, तर पाच टक्के सार्थकता पातळी (परिणाम नसताना तो आहे असे चुकून ठरण्याची शक्यता) आणि ऐंशी टक्के सामर्थ्य (परिणाम असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात सुमारे २१,००० माणसे लागतात. मोजमाप खरेदीच्या प्रमाणाचे न करता माणशी विक्रीच्या रकमेचे करायचे असेल, आणि ऑर्डरींच्या रकमांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवती त्या किती पसरल्या आहेत याचे माप) त्यांच्या सरासरीइतके असेल, तर तेवढीच वीस टक्के वाढ ओळखायला प्रत्येक गटात जवळजवळ ३९,००० माणसे हवीत. म्हणून प्रयोगात खरेदीचे प्रमाण मुख्य ठेवावे आणि रक्कम जोडीला पाहावी.

रोज डोकावून पाहून, फरक दिसला त्या दिवशी प्रयोग थांबवणे ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास लबाडी आहे; बहुतेक वेळा ती नकळत घडते. मुदत आधी लिहून ठेवावी, ती पूर्ण आठवड्यांची असावी, आणि एका माणसाला प्रत्येक भेटीत तीच आवृत्ती दिसेल याची सोय करावी. आपल्याकडे महिन्याला दोन-तीन हजारच लोक येत असतील, तर हा प्रयोग वर्षभरातही निकाल देणार नाही. त्यापेक्षा पाच-सात गिऱ्हाइकांना समोर बसवून मोबाइलवरून एक वस्तू मागवायला सांगावी आणि गिऱ्हाइके कोठे अडतात ते पाहावे.